पिशवीवरचा कोलम

डिसेंबर अर्ध्यावर आला की पुण्यात सगळे थंडीचं कौतुक करतात आणि मी गप्प राहते. माझ्या अंगात तेव्हा दुसराच महिना सुरू झालेला असतो. पहाटे कुणी न उठवता जाग येते. कान देवळाच्या कर्ण्याची वाट पाहत राहतात, आणि नाकाला शेणसड्याचा ओला वास येतो, जो आमच्या चौथ्या मजल्यावर येणं शक्यच नाही. नवरा कूस बदलत म्हणतो, "आला वाटतं तुझा मार्गळी." हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला. धनुर्मासाला तंजावरची आम्ही मराठी माणसंसुद्धा मार्गळीच म्हणतो. मग मी उठते, दार उघडते, उंबऱ्याबाहेर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या छापील रांगोळीकडे जरा वेळ बघते आणि दार लावून घेते.

यंदा त्यात कचेरीची भर पडली. मी एका वकिलांकडे काम करते. बड्या कंपन्यांच्या खुणा जे कुणी न विचारता आपल्या मालावर छापतात, त्यांना कडक भाषेत पत्रं पाठवायची, हा आमचा धंदा. त्या पत्रांचे मसुदे मी करते आणि बरे करते असं सगळे म्हणतात. गेल्या सोमवारी एका फायलीत जप्त केलेल्या पिशव्यांचे फोटो आले, आणि त्या पिशव्यांवर ती खूण होती. एकमेकांत अडकवलेले दोरीसारखे तीन फासे, मधून एक तिरकी रेघ, आणि तिसऱ्या फाशाचं टोक मोकळं सोडलेलं. परदेशातल्या एका फार मोठ्या फॅशनवाल्यांची ती खूण. मी फाइल मिटली आणि चहा मागवला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ओळखीचं निघालं."

ओळखीचं म्हणजे केवढं! ती खूण मी चौदा वर्षांची असताना एक महिनाभर रोज पहाटे आमच्या दारात पाहिली आहे.

आमचं घर थोरल्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत होतं. भाड्याचं, तीन खोल्यांचं, सिमेंटच्या जमिनीचं. अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमचे पूर्वज राजांच्या पदरी होते; नेमके कशाला होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे अप्पांना हवं ते म्हणता यायचं. सांबार आमच्या राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, ही गोष्ट तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात सांगतात. पण अप्पा सांबारावर थांबत नसत. जगात कुठेही काही चांगलं दिसलं की ते कधी ना कधी आमच्या राजवाड्यातून बाहेर गेलेलं असणार, अशी त्यांची खात्री होती. मिटणारी छत्रीसुद्धा त्यांनी एकदा राजवाड्याच्या नावावर करून टाकली होती.

अंबू अत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिचं लग्न का झालं नाही हे आम्हां मुलांना कधी सांगितलं गेलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. ती आमच्याकडेच राहायची. तिचं असं घरात काय होतं? एक पत्र्याची ट्रंक, भिंतीत एक कोनाडा, आणि माझ्या अंथरुणाला लागून तिचं अंथरूण. भाजी निवडणं तिचं, डाळ वाटणं तिचं, माझ्या दोन वेण्या घालणं तिचं. अकरा महिने तिला कुणी काही विचारायचं नाही. मार्गळी लागला की मात्र अख्खी गल्ली तिला विचारायची.

ती पहाट मला अजून जशीच्या तशी दिसते. धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा तेवढा दिसायचा, घर नाही. शेणसडा घालून जमीन हिरवट काळी झालेली. अत्या पदर खोचून, गुडघे न वाकवता, कमरेतून खाली लवायची आणि चिमटीतून तांदळाचं पीठ सोडायची. आधी पुळ्ळ्या. पुळ्ळी म्हणजे ठिपका. पाच, मग त्यांच्या मधोमध चार, मग तीन. मग एकच रेघ निघायची. प्रत्येक पुळ्ळीला वळसा घालत, कुठल्याही पुळ्ळीला न शिवता, स्वतःलाच ओलांडत, आणि फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. मी पिठाची वाटी धरून उभी असायचे. पाय गार पडायचे, कर्ण्यातून कुठल्या तरी बाईचा आवाज भजन आळवत यायचा, आणि मला वाटायचं की ही रेघ अत्या काढत नाहीये, ती आधीपासून जमिनीत होती, अत्या फक्त तिच्यावर पीठ भुरभुरतेय. कोलम, म्हणजे आमची रांगोळी, झाला की मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल. आठ वाजेपर्यंत मुंग्या, नऊ वाजता सायकली, बारा वाजता काही नाही.

ती वर्षं नव्वदीच्या मधली. देशाची दारं उघडली असं अप्पा पेपरातून वाचून दाखवायचे. आमच्या गल्लीपर्यंत जे पोचलं ते मुख्यतः खुणांच्या रूपाने पोचलं. गच्चीगच्चीवर डिशच्या मोठमोठ्या छत्र्या लागल्या, टीव्हीवर कधी न पाहिलेल्या बायका कधी न पाहिलेल्या पिशव्या खांद्याला लावून चालायला लागल्या. बाजारात तयार शर्टांचे ढीग पडले. कुणाच्या खिशावर मुकुट, कुणाच्या चपलेवर गरुड. ह्या खुणांचा कुणी मालक असतो हे आमच्या डोक्यातही आलं नाही. साडीवर कोयरी असते तसा शर्टावर मुकुट. कोयरी कुणाची, असं कधी कुणी विचारतं का?

त्या वर्षी अम्माच्या चुलतभावाने सिंगापुराहून तिच्यासाठी एक तपकिरी पिशवी आणली. आज मला पक्कं ठाऊक आहे की त्याने ती तिथल्या फुटपाथवरून घेतली असणार, कारण खऱ्या पिशवीचं अस्तर तसं नसतं. हे ओळखायचं मला आता कळतं. अम्माने दोन दिवस ती कपाटात जपली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागे टांगून तिच्यात शेवग्याच्या शेंगा ठेवल्या. अत्या समोर बसून घेवडा मोडत होती. मोडता मोडता तिचे हात थांबले आणि तिने मला विचारलं,

"का गे राधे, हे कोणी अर्ध्यावर सोडलं?"

"काय?"

"हा कोलम. बघ की. शेवटची पुळ्ळी उघडीच राहिली अहे."

तिने पाण्यात बोट बुडवून सिमेंटवर पुळ्ळ्या मांडल्या. पिशवीवरच्या फाशांच्या पोकळ्यांत बरोबर बसणाऱ्या पुळ्ळ्या तिला नुसत्या बघून दिसल्या होत्या. मग बोटाने रेघ फिरवली, आणि जिथे पिशवीवरची रेघ तोंड उघडं टाकून संपत होती, तिथे तिने राहिलेल्या पुळ्ळीभोवती आणखी एक वळसा घेतला आणि रेघ नेऊन पहिल्या टोकाला मिळवली. "हं. अत्ता बेष झालं," ती म्हणाली. पानात भात टाकू नये तशी कोलमाची रेघ उघडी टाकू नये, एवढाच तिचा मुद्दा होता. परदेशातल्या कुठल्या तरी मोठ्या चित्रकाराने मुद्दाम मोकळं ठेवलेलं ते टोक माझ्या अत्याने घेवडा मोडता मोडता बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कोलम आमच्या दारात उतरला. दूध घेऊन जाणाऱ्या बायका थांबल्या. एकीने बसच्या तिकिटामागे पुळ्ळ्या उतरवून घेतल्या, दुसरीने पोरीला बोलावून दाखवलं. कोलम कुणी कुणाला मागत नाही. तो दारात असतो आणि बघणारीच्या डोळ्यांतून तिच्या दारात जातो. आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या निम्म्या उंबऱ्यांवर तो होता. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याने तो मशीनच्या भरतकामात उचलला. आधी ब्लाउजच्या बाह्यांवर, नंतर शर्टांच्या खिशांवर. एका रिक्षाच्या पाठीवर तो पिवळ्या रंगात आला. आणि गमतीची हद्द म्हणजे, पोंगलला लागणाऱ्या सिनेमाच्या हिरोचं जे दोन मजली चित्र चौकात रंगवत होते, त्यात रंगाऱ्याने हिरोच्या छातीवर अत्याचा कोलम काढला. मी शाळेतून येताना मान वर करून बघत राहायचे. हिरोचा गॉगल, हिरोची मिशी, आणि डाव्या खिशावर माझ्या अत्याचा जास्तीचा वळसा.

आता कचेरीत बसून मी लिहिते, "आमच्या अशिलांच्या परवानगीवाचून". लिहिताना हात अडत नाही, सवय झाली आहे. पण कधी कधी वाटतं की तो वळसा अत्याचा होता, तंजावरातल्या प्रत्येक नकलेत तो होता, आणि तिला मात्र कुणी साधं विचारलंही नाही. तिला विचारायला हवं होतं असं तिलाही कधी वाटलं नाही. उलट खिशाखिशावर तो पाहून ती खूश व्हायची. संध्याकाळी देवळात जाताना माझा हात दाबून म्हणायची, "तो बघ गे, अणि एक."

आमच्या गल्लीत एका नातेवाइकांकडे पापनाशमच्या एक बाई यायच्या. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. डिसेंबर संपता संपता एका सकाळी त्या आमच्या दाराशी थांबल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तमिळमध्ये त्यांनी विचारलं, "हा कोलम मी कुठे पाहिला नाही. कुठला हा?"

अत्या तोंड उघडायच्या आत अप्पा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. "हा राजवाड्यातला," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. राणीसाहेबांच्या महालापुढे हाच घालायचे."

बाई किती वेळ पाहत राहिल्या. त्या गेल्यावर अत्याने अप्पांना गाठलं.

"गोपाळ, काय सांगितलंस तिला? पिशवीवरून काढला मी."

"अणि पिशवीवर कुठून आला, अक्का?" अप्पा अजिबात गडबडले नाहीत. "त्या देशात कोलम घालतात का? राजांकडे अस्के, झाडून सगळे, गोरे येऊन जायचे. बघून गेले, नेलं, पिशवीवर घातलं. आपलंच ते. नीट उतरवता आलं नाही म्हणून उघडं राहिलं. तू पुरं केलंस. रक्तात अहे तुझ्या."

हे ऐकून हसायचं की नाही ते आज ठरवता येत नाही. अत्या हसली नाही. तिने मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आपल्या हातात काहीतरी आहे, ते फार मागून आलं आहे, आणि ते आपल्याच हातात आहे, असं काहीसं. आम्हां लोकांना राजवाडा म्हटलं की काहीही खरं वाटतं. तिलाही वाटलं.

आठवड्याने बाई पुन्हा आल्या, ह्या वेळी घरात येऊन बसल्या. शाळेत जुन्या राजवाड्याच्या कला शिकवायला एक जागा निघाली होती. कोलम, भरतकाम, फुलांच्या वेण्या. परीक्षा पास असण्याची अट नव्हती, परंपरेतली बाई हवी होती. कमिटीपुढे त्यांनी अत्याचं नाव घातलं होतं. "राहायला वसतिगृहात एक खोली आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे, पण खिडकी आहे. किल्ली तुमच्याकडे." भोगीच्या सकाळी त्या पत्र घेऊन येणार होत्या, अत्याने सही केली की झालं.

किल्ली हा शब्द अत्याने त्या दिवशी कितीदा उच्चारला! अम्माला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. वेणी घालताना मला म्हणाली, "राधे, खोलीला खिडकी अहे म्हणे. खाट खिडकीकडे ठेवावी का भिंतीकडे?" बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात खाट कुठे ठेवायची हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने दोन सुती साड्यांना खळ घातली. ट्रंक खाली काढून उन्हात उघडी ठेवली. तिचं बंद पडलेलं घड्याळ अप्पांनी दुरुस्त करून आणलं. संध्याकाळी ती पायरीवर बसून ते कानाला लावायची आणि उगाच हसायची.

आणि मी? मी जेवायचे, शाळेत जायचे, आणि रात्री तिच्या अंथरुणाच्या कडेला बोटांनी चाचपून बघायचे की ती आहे ना. आता माझ्या वेण्या कोण घालणार, हे मी स्वतःला विचारायचे, पण प्रश्न वेण्यांचा नव्हता. अम्मा माझ्यावर माया करायची, पण तिला दोन धाकटी होती आणि सतत कुठेतरी दूध उतू जात असायचं. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस घरात एकच होतं. ते जाणार होतं आणि जाताना आनंदात होतं, हे मला सहन होत नव्हतं.

माझ्याजवळ एक कागद होता. वर्गातल्या वसंतीकडे तिच्या भावाने आणलेलं एक गुळगुळीत इंग्रजी मासिक होतं. त्यात एका पानभर तीच खूण, पिशवीवरची, मोकळ्या टोकाची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही आमच्या कंपनीची नोंदलेली खूण आहे, आमच्या लेखी परवानगीशिवाय ती कुणी कुठेही वापरू नये. मी ते पान वसंतीकडून मागून घेतलं आणि माझ्या ॲटलासमध्ये ठेवलं. आठ दिवस ते तिथे होतं. अत्याला दाखवावं असं मला त्या आठ दिवसांत एकदाही वाटलं नाही. खरं तर मला ती खूण कंपनीची आहे ह्याची मजाच वाटली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्याला नंतर सगळ्यांनी वेगळं नाव दिलं.

अत्याचा स्वभाव मला पाठ होता. तिला खोटं सांगून फसवता यायचं, पण तिच्याकडून खोटं वदवून घेता येत नसे. दारात वर्गणीवाले आले की अप्पा आतून खुणा करायचे, आणि अत्या त्यांना सांगायची, "आहेत, पण येत नाहीत म्हणतात." मला एवढंच करायचं होतं, की तिला ठाऊक नाही ते तिला ठाऊक करून द्यायचं. पुढचं ती स्वतः करणार होती.

भोगीच्या पहाटे गल्लीभर जुन्या चटया, झाडू, टोपल्या जळत होत्या. लहान मुलं डफ बडवत होती. धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून समोरचं काही दिसत नव्हतं. अत्याने नुकताच कोलम पुरा केला होता, नेहमीपेक्षा मोठा, बाई येणार म्हणून. खळीची साडी नेसली होती. मी ॲटलासमधला कागद काढून तिच्यापुढे धरला.

"हे काय गे?"

"ती खूण एका कंपनीची अहे, अत्या. विलायतेतली. त्यांना विचारल्याशिवाय कोणी काढू नये म्हणून लिहिलंय."

तिला इंग्रजी येत नव्हतं. ती कागदावरच्या चित्राकडे बघत राहिली. "इथे पण उघडीच ठेवली अहे," ती हळूच म्हणाली. डफ वाजत होते.

"मग हे राजवाड्याचं नव्हे."

"नव्हे."

"गोपाळला ठाऊक अहे?"

"नाही."

तिने हात झटकले, पीठ उडालं. आत जाऊन तिने हात धुतले आणि माझ्या वेण्या घातल्या, नेहमीसारख्याच घट्ट.

बाई आल्या तेव्हा ऊन पडलं होतं. अम्माने कॉफी दिली. बाईंनी पिशवीतून पत्र काढलं, पेनाचं टोपण काढलं, पेन अत्यापुढे केलं. अत्याने ते घेतलं नाही.

"अम्मा," ती बाईंना तमिळमध्ये म्हणाली, "हा कोलम राजवाड्याचा नाही. मी तो दारामागच्या पिशवीवरून काढला. ती एका कंपनीची खूण आहे."

अप्पा उठून उभे राहिले. "त्यांनीच इथून नेली असेल, असं आमचं म्हणणं आहे," ते घाईघाईने म्हणाले. "राजांच्या काळात गोरे येत होते."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, कोलमाकडे पाहिलं, आणि मग अत्याला विचारलं, "असंही असेल. नाही का?" मला आज कळतं की त्यांनी दार उघडं धरलं होतं. अत्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"असेल," अत्या म्हणाली. "पण मला ठाऊक नाही. मला पिशवी ठाऊक आहे."

"मग दुसरा एखादा? तुमच्या आईकडून आलेला, राजवाड्यातला?"

"आईने शिकवलेले कोलम इथे दारादारांत आहेत. राजवाड्यात आमचं कोण होतं, हेच आम्हांला नीट ठाऊक नाही."

अप्पा खाली बसले. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "कमिटीला मी राजवाड्याची परंपरा म्हणून लिहून दिलंय," त्या म्हणाल्या, "आता मी काय सांगू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटत होतं. त्यांनी कॉफी संपवली, अत्याचा हात धरला, आणि निघाल्या. जाताना कोलमावर पाय पडू नये म्हणून त्या कडेकडेने गेल्या.

अप्पा त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दिवस अत्याशी बोलले नाहीत. अत्याने ट्रंकेत परत तिच्या जुन्या साड्या भरल्या. खळीच्या दोन साड्या सर्वांत खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पोंगल. अंगणात मडकं उतू गेलं, सगळ्यांनी ओरडून पोंगल म्हटलं, तीही ओरडली. गुळाचा आणि नव्या तांदळाचा वास घरभर होता. ऊस सोलून तिने आधी मला दिला. ती तिथेच होती, माझ्याजवळ. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ऊस मला गिळवत नव्हता.

त्या खुणेचा कोलम तिने पुन्हा काढला नाही. गल्लीने मात्र काढला. गल्लीला काय त्याचं! मट्टू पोंगलला, म्हणजे गुरांच्या सणाला, एका बैलाच्या झुलीवर तो होता. चौकातला हिरो उन्हापावसात फिका होईपर्यंत तो छातीवर घेऊन उभा राहिला. शिंप्याकडे दोन वर्षं त्याला मागणी होती. मग दुसऱ्या खुणा आल्या आणि लोक त्याला विसरले.

मार्गळी माझ्यापुढे असा उलगडतो, दरवर्षी. धुक्यात लवलेली तिची पाठ, पिठाचा तो बारीक आवाज, जो मला आजही ऐकू येतो अशी माझी खात्री आहे, भोपळ्याच्या फुलावरचं दव. हे सगळं इतकं सुंदर आहे की मला त्यातच राहायचं असतं. पण आठवण भोगीपर्यंत जातेच, आणि तिथे मी हातात कागद घेऊन उभी असते.

आठवण एवढीच असती तरी पेललं असतं. अत्याने त्याची गोष्ट केली. महिन्याभरातच ती भाजीवालीला सांगायला लागली, की आमच्या राधीने मला वाचवलं, नाहीतर मी एवढ्या मोठ्या शाळेत खोटी ठरले असते. पाहुण्यांना सांगितलं, माझ्या वर्गशिक्षिकेला सांगितलं. माझ्या लग्नात पुण्याहून आलेल्या सासूबाईंना बाजूला घेऊन आमच्या मराठीत सांगितलं, "पोरीला खरं सांगायचं भय नाही. चौदा वर्षांची होती बघा." सासूबाईंना निम्मी भाषा कळली नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. देवनागरी त्यांनीच मला नंतर शिकवली. वकिलांकडे नोकरी लागली तेव्हा अत्याने फोनवर म्हटलं, "तुला तेच काम मिळणार, मज ठाऊक होतं."

शेवटची भेट झाली तीही धनुर्मासातच. ती खाटेवर होती. खाट भिंतीकडे होती, खोलीला खिडकी नव्हती. बोटं थरथरत होती, पण डोकं स्वच्छ होतं. बाहेर अम्माने काढलेला साधा कोलम होता. मी तिच्या पायांवर पांघरूण ओढत होते, तेव्हा ती म्हणाली, "राधे, एक विचारू का गे? त्या भोगीला तू कागद घेऊन आलीस. माझी नोकरी जाईल, मी रागावेन, असं तुज वाटलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय वाटलं?"

ती खरंच विचारत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला ते विचारलं होतं, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. तू जाऊ नयेस असं वाटलं. एवढे पाचच शब्द. तिला मी चांगली ओळखत होते, ती रागावलीही नसती.

तिने माझा हात धरला होता आणि माझ्याकडे अभिमानाने बघत होती.

"कॉफी आणू का, अत्या?" मी विचारलं.